पॉल रोबसन: खर्जातला आवाज आणि एका गाण्याचे बदललेले शब्द

तुमचा प्रश्न असा आहे: "पॉल रोबसनकडं आवाज होता, अभिनय होता, पैसा होता, जगभर नाव होतं. हे सगळं पणाला लावून तो राजकारणात का पडला? कलावंतानं आपली कला करावी, असं मला वाटतं. त्याच्या गाण्याचं यात नुकसानच झालं ना?" तुम्ही नाट्यशास्त्र शिकता, रोबसनवर सादरीकरण बसवताय आणि गाण्याच्या अंगानं कुणीतरी समजावून सांगावं, असंही तुम्ही लिहिलंय.

मी गेली अठ्ठावीस वर्षं समूहगायनाचे आणि नटांसाठी आवाजाचे वर्ग घेतो. माझा स्वतःचा आवाज खर्जातला. आपल्याकडं पुरुषाचा आवाज जितका वर चढेल तितकं कौतुक. नाट्यसंगीताच्या मैफलीत काळी चार-पाचला गाणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि माझ्यासारख्याला कोरसात मागच्या रांगेत उभं करतात. विशीत असताना एका मित्राच्या घरी रोबसन या अमेरिकी कृष्णवर्णीय गायक-नटाची तबकडी ऐकली. इतक्या खालच्या पट्टीत, एकही तान न घेता, घाई न करता एक माणूस गातोय आणि खोलीतल्या सगळ्यांची बोलणी थांबलीत, हे मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून तो माझा गुरू आहे. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, आणि ते तटस्थ नाही.

आधी सरळ उत्तर देतो. तो राजकारणात 'पडला' नाही. त्याला जे गाणं नीट गायचं होतं, ते नीट गाण्यासाठी त्याला एकेक पायरी पुढं जावं लागलं, आणि त्या पायऱ्या थेट अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीसमोर जाऊन थांबल्या. हे कसं झालं ते पाहू.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८९८चा, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. वडील विल्यम ड्रू रोबसन जन्मानं गुलाम होते. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८६० साली, नॉर्थ कॅरोलायनातल्या मळ्यातून ते पळाले, उत्तरेत आले, शिकले आणि चर्चमध्ये पाद्री झाले. पॉल तीन वर्षांचा असताना त्यांची चर्चमधली जागा गेली. मग या शिकलेल्या माणसानं घोडागाडी घेऊन गावातल्या घरांची राख उचलायचं काम केलं. पॉल सहा वर्षांचा व्हायच्या आतच आई घरातल्या चुलीच्या आगीत भाजून गेली. तुम्ही नाटकाचे विद्यार्थी आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वडील पॉलकडून भाषणं घोकून घेत, आणि शब्द तोंडात पूर्ण उमटल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत. रोबसनचं गाणं ऐकताना प्रत्येक व्यंजन कानात स्वच्छ पडतं ना, ते तिथून आलंय. गळा त्याला निसर्गानं दिला, पण उच्चार दिले ते एकेकाळच्या गुलामानं.

१९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो रटगर्स कॉलेजात गेला. सबंध कॉलेजात तेव्हा तो एकटा काळा विद्यार्थी. फुटबॉलच्या संघात जागा मागायला गेला, तर पहिल्याच सरावात स्वतःच्या संघातल्या गोऱ्या मुलांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला. दहा दिवस अंथरुणात काढून तो पुन्हा मैदानावर आला, तेव्हा एकानं खिळ्यांचा बूट त्याच्या पंजावर दाबला आणि बोटांची नखं उपटून निघाली. पुढच्याच डावात त्यानं चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. तो त्याला आपटणार, एवढ्यात प्रशिक्षक ओरडला, की तू संघात आलास! पुढं देशातल्या सर्वोत्तम अकरांत दोनदा त्याची निवड झाली, आणि १९१९ साली पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीनं भाषण करायचा मानही त्यालाच मिळाला.

मग कोलंबिया विद्यापीठातून वकिली. शिक्षणाचा खर्च भागवायला शनिवार-रविवार धंदेवाईक फुटबॉल. याच काळात एस्लांडा गूडशी लग्न. ती स्वतः शास्त्राची पदवीधर, पुढं मानववंशशास्त्र शिकलेली. त्याचा सगळा व्यवहार अनेक वर्षं तिनं सांभाळला. १९२३ला पदवी घेऊन तो एका वकिली कचेरीत लागला. तिथल्या लघुलेखिकेनं काळ्या माणसाचा मजकूर उतरवून घ्यायला तोंडावर नकार दिला. त्यानं कोट उचलला आणि वकिली सोडली. विचार करा, तोंडून निघालेला शब्द कागदावर येण्याचासुद्धा अधिकार नाही! असा माणूस आयुष्यभर शब्दांच्या बाबतीत हट्टी राहिला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

रंगभूमीवर तो युजीन ओनीलच्या नाटकांतून आला. पण माझ्या दृष्टीनं खरी तारीख १९ एप्रिल १९२५. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज थिएटरात पियानोवर लॉरेन्स ब्राउन आणि गायला रोबसन, एवढ्या दोघांनी सबंध कार्यक्रम फक्त कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा केला. त्यात मुख्य होती स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामीत जन्मलेली भक्तिगीतं. समूहानं गाणारी पथकं आधीपासून होती. पण एकट्या गायकानं पूर्ण मैफल या गाण्यांवर उभी करावी, असं तोवर झालं नव्हतं. मळ्यात, शेतात, चोरून म्हटलेली ही गाणी 'मैफलीची' मानलीच जात नव्हती. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या कुणी तिकीट लावून सभागृहात गायला बसलं तर आजही काहींच्या भुवया उंचावतील. त्या रात्री लोक पुन्हा-पुन्हा गाणी मागत राहिले. ब्राउन पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्यासोबत राहिला.

आता ज्या गाण्यानं तो घराघरांत पोहोचला, त्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सादरीकरणाचा गाभा इथंच आहे. 'ओल्ड मॅन रिव्हर', म्हणजे मिसिसिपी नदीवरचं गाणं. जेरोम कर्नची चाल, ऑस्कर हॅमरस्टीनचे शब्द. 'शो बोट' या संगीत नाटकातला 'जो' नावाचा काळा हमाल हे गाणं म्हणतो. 'जो'ची भूमिका रोबसनला डोळ्यांपुढं ठेवूनच लिहिली होती. १९२७ साली न्यूयॉर्कात ती दुसऱ्यानं केली आणि १९२८ला लंडनच्या ड्रूरी लेन थिएटरात रोबसननं. १९३६च्या चित्रपटातही तोच आहे.

पेटी जवळ असेल तर मुखडा वाजवून पाहा. सा रे ग प ध, एवढ्याच सुरांवर ती ओळ हिंडते. म्हणजे आपल्या कानाला तो भूपच लागतो. राग म्हणून नाही, पण सूर तेच. म्हणूनच पहिल्यांदा ऐकताना ते आपल्याला परकं वाटत नाही. मधला भाग, जिथं घाम गाळण्याची, ओझी उचलण्याची गोष्ट येते, तिथं चाल उदास वळण घेते, आणि मग पुन्हा मुखड्याच्या सुरांवर येऊन शेवटी वर-वर चढत जाते. दीड सप्तकाहून मोठी झेप आहे. खर्जाचा माणूस या शेवटावर हमखास दमतो, मी स्वतः कैक वर्षं दमलो.

आता शब्द बघा. मूळ गाण्याच्या सुरुवातीलाच काळ्यांना हिणवणारी शिवी होती. रोबसननं आधी ती सौम्य केली, मग काढूनच टाकली. मधल्या भागात ओळ होती, की जरा दारू पी आणि तुरुंगात जा. त्यानं केलं, की जरा धमक दाखव आणि तुरुंगात जा. पुढं शेवटच्या चढावर मूळ शब्द होते, मी थकलोय, प्रयत्नांचा वीट आलाय, जगण्याचा कंटाळा आलाय आणि मरणाची भीती वाटते. त्या जागी तो गायला लागला, की रडायच्या ऐवजी मी हसत राहतो, आणि मरेपर्यंत मला लढत राहिलंच पाहिजे.

चालीचा एक सूर त्यानं हलवला नाही. शेवटच्या ओळीची अक्षरं बोटांवर मोजा, इंग्रजीत जुन्या ओळीत दहा आणि नव्या ओळीतही दहाच भरतात. शेवटचा शब्दसुद्धा तोच ठेवला: मरणं. जुन्या ओळीत त्या शब्दाची भीती आहे, नव्या ओळीत तो लढाईची मुदत सांगतो. मी वर्गात मुलांना दोन्ही ओळी पाठोपाठ म्हणायला लावतो. गेल्या वर्षी एक मुलगा होता, अंगानं दणकट, पण गाताना खांदे पाडून उभा राहायचा. जुनी ओळ त्यानं म्हटली तेव्हा वरच्या सुराला आवाज चिरकला. नवी ओळ दिली, दुसरं काहीच सांगितलं नाही. तर 'लढत' या अर्थाच्या शब्दावर त्याची छाती आपोआप उघडली आणि पुढचा सूर जागेवर लागला. ही चाल मुळातच चढणारी आहे. खचलेले शब्द तिला खाली ओढत होते, रोबसननं ते ओझं काढलं. तुम्ही नुकसानीचं विचारलंत म्हणून म्हणतो, गाणं बदलून त्यानं राजकारण केलं आणि त्याच वेळी गाणं सुधारलं. हॅमरस्टीनला हे आवडलं नव्हतं. गीतकार म्हणून त्याची नाराजी मी समजू शकतो. पण गायक म्हणून मी रोबसनच्या बाजूचा आहे.

हा बदल लंडनमध्ये घडत गेला. १९२७ ते १९३९ तो मुख्यतः तिकडंच राहिला. एका हिवाळ्यात रस्त्यावर त्याला गाण्याचे सूर ऐकू आले. वेल्सच्या खाणींतले बेकार मजूर मैलोन्‌मैल चालत लंडनला दाद मागायला आले होते आणि चार आवाजांत गात निघाले होते. रोबसन कार्यक्रमाच्या पोशाखातच त्यांच्यात सामील झाला, पुढं त्यांच्यासाठी गायला आणि त्यांच्या परतीच्या भाड्याची सोय केली, अशी ही हकिकत वेल्समध्ये आजही सांगतात. गोरे लोकसुद्धा भुकेले असतात आणि गात असतात, हे त्याला तिथं दिसलं. यानंतर तो लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत आफ्रिकी भाषा शिकायला बसला. रशियन शिकला, पुढं चिनी, पूर्व युरोपातल्या ज्यूंची यिडिश, वेल्श अशा वीसेक भाषांतून गायला. गाणं ज्या लोकांचं, त्यांच्या तोंडातले उच्चार आले पाहिजेत, ही वडिलांची शिकवण. भाषा शिकता-शिकता त्याच्या लक्षात आलं, की जगभरच्या लोकगीतांत पाच सुरांची एकच चौकट पुन्हा-पुन्हा सापडते. आफ्रिकेत, चीनमध्ये, स्कॉटलंडात. त्यानं पुढं आत्मकथनाच्या पुस्तकात यावर एक स्वतंत्र टिपण जोडलं. भूप ऐकत वाढलेल्या आपल्याला ते लगेच पटतं.

तो चुकलाही. १९३५च्या 'सँडर्स ऑफ द रिव्हर' या चित्रपटात त्यानं आफ्रिकी सरदाराचं काम केलं. आफ्रिकेची संस्कृती लोकांसमोर येईल, या आशेनं. संकलनात चित्रपट इंग्रजी राजवटीची आरती होऊन बसला. गंमत म्हणजे याच चित्रपटात किरकोळ भूमिकेत जोमो केन्याट्टा होता, पुढं स्वतंत्र केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. रोबसनला या कामाची जन्मभर खंत राहिली, आणि तेव्हापासून आपल्या तोंडी कोणते शब्द येतात, आपला चेहरा कशासाठी वापरला जातो, यावर तो स्वतःचा हक्क मागू लागला.

१९३७च्या जूनमध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये स्पेनमधल्या निर्वासित मुलांसाठी सभा होती. तिथं तो म्हणाला, "कलावंतानं बाजू घेतलीच पाहिजे. स्वातंत्र्यासाठी लढायचं की गुलामीसाठी, हे त्याला ठरवावं लागतं. मी माझी निवड केली आहे. मला दुसरा पर्यायच नव्हता." तुमच्या प्रश्नाचं त्याचं स्वतःचं उत्तर हेच. पुढच्या जानेवारीत तो यादवी युद्ध चालू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन फॅसिस्ट सेनानी फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांसमोर गायला.

१९४३ साली ब्रॉडवेवर त्यानं ऑथेल्लो केला. डेस्डेमोना उटा हागन, इयागो होझे फेरर. २९६ प्रयोग झाले, ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं कुठलंच नाटक तोवर इतकं चाललं नव्हतं. दौऱ्याला निघाले तेव्हा अट एकच: काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणाऱ्या थिएटरात प्रयोग होणार नाही. तोच रोबसन जानेवारी १९४७मध्ये सेंट लुईसला एका थिएटरबाहेर हातात फलक घेऊन निदर्शनांत उभा होता, कारण तिथं काळ्यांना वेगळं बसवत. आदल्या वर्षी तो शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना भेटला होता. युद्धावरून परतलेल्या काळ्या सैनिकांनासुद्धा दक्षिणेत जमाव ठार मारत होते. त्याविरुद्ध कायदा करा, ही मागणी. ट्रुमन म्हणाले, ही वेळ नाही. ती भेट भांडणात संपली.

मग १९४९. एप्रिलमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. वृत्तसंस्थेनं त्याच्या तोंडी असं वाक्य घातलं, की अमेरिकेतले काळे लोक रशियाविरुद्धच्या युद्धात लढणार नाहीत. तो जे बोलला होता ते याहून बरंच मवाळ होतं, पण घरी पोहोचायच्या आत तो देशद्रोही ठरला होता.

ऑगस्टच्या २७ तारखेला न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला त्याचा कार्यक्रम होता. जमावानं प्रेक्षकांना मारलं, खुर्च्या जाळल्या. रोबसन मंचापर्यंत पोहोचूच शकला नाही. आठवड्यानं, ४ सप्टेंबरला, तो पुन्हा त्याच भागात गायला उभा राहिला. या वेळी वीसेक हजार लोक आले. कामगार संघटनांच्या माणसांनी मैदानाभोवती खांद्याला खांदा लावून कडं केलं. टेकड्यांवरून कुणी नेम धरेल, या भीतीनं काहीजण मंचावर त्याच्या पाठीशी भिंतीसारखे उभे राहिले. त्या अवस्थेत तो गायला. श्वास पोटातून घ्या, मान मोकळी ठेवा, असं मी वर्गात रोज सांगतो. आपल्या पाठीला गोळी लागू नये म्हणून दुसरी माणसं आपली शरीरं मध्ये घालून उभी आहेत, अशा वेळी मान मोकळी ठेवून खालचा षड्ज लावायचा म्हणजे काय, याची मला अजून नीट कल्पना करता येत नाही. कार्यक्रम शांततेत संपला. परतणाऱ्या गाड्यांवर मात्र रस्ताभर दगडांचा वर्षाव झाला, पोलीस बघत राहिले, शंभराहून जास्त लोक जखमी झाले. गायक पीट सीगरच्या गाडीत बायकामुलं होती. गाडीत येऊन पडलेले दगड त्यानं पुढं आपल्या घराच्या धुराड्यात बसवून घेतले.

१९५०मध्ये सरकारनं रोबसनचा पासपोर्ट काढून घेतला. पुढं कोर्टात जी कारणं दिली, त्यात एक असं होतं, की हा माणूस आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करतोय. त्याच वर्षी दिवंगत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत तो येणार होता, तो कार्यक्रम वाहिनीनं रद्द केला. सभागृहं मिळेनात, तबकड्या दुकानांतून गायब झाल्या. वर्षाला लाखभर डॉलर मिळवणारा माणूस काही हजारांवर आला. म्हणजे तुम्ही म्हणता ते नुकसान खरं आहे. फक्त ते राजकारणानं गाण्याचं केलेलं नुकसान नव्हतं. बळजबरीनं एका गायकाचा गळा दाबला गेला होता, आणि हिशेब दाबणाऱ्याच्या नावावर मांडला पाहिजे.

आणि तरी तो गात राहिला. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत त्याचा थोरला भाऊ बेन पाद्री होता, त्याच्या चर्चमध्ये गायला. मुलाच्या मदतीनं स्वतःची तबकड्यांची कंपनी काढली, नाव ठेवलं ऑथेल्लो, आणि तबकड्या टपालानं, चर्चांतून, कामगार संघटनांतून विकल्या. कॅनडात जायला अमेरिकनांना तेव्हा पासपोर्ट लागत नसे, तरी १९५२ला त्याला सीमेवर अडवलं. मग खाण कामगारांच्या संघटनेनं १८ मे रोजी सीमेवरच्या पीस आर्च बागेत, अगदी रेषेला लागून एक उघडा ट्रक उभा केला. तो अमेरिकेच्या हद्दीत ट्रकवर उभा, समोर कॅनडाच्या हद्दीत हजारो माणसं.

मला त्याहून जवळची वाटते ती १९५७ची गोष्ट. अटलांटिकच्या तळातून टेलिफोनची पहिली तार आदल्याच वर्षी सुरू झाली होती. माणसाला जायला बंदी होती, आवाजाला बंदी घालणारा कायदा नव्हता. ५ ऑक्टोबरला वेल्समधल्या पोर्थकॉल गावी खाण कामगारांचा संगीत महोत्सव होता. रोबसन न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत कानाला हेडफोन लावून बसला आणि तारेतून गायला. पलीकडं सभागृहात हजारो खाणकामगार आपल्या बायकामुलांसह ऐकत होते. ट्रिओर्कीच्या पुरुषांच्या गायकवृंदानं उत्तर दिलं, आणि शेवटी सगळं सभागृह त्याच्यासाठी गायलं. तीस वर्षांपूर्वी रस्त्यावर ऐकलेले तेच चार आवाज, आता समुद्राखालून. याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. टेलिफोनच्या तारेत खालचे सूर कापले जातात, खर्जाचा निम्मा दम निघून जातो. तरी तो पहिल्या शब्दाला ओळखू येतो, कारण उच्चार शाबूत आहेत. वडिलांची घोकंपट्टी इथं कामी आली.

त्याआधी, १२ जून १९५६ला, तो अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्ट हुडकणाऱ्या चौकशी समितीपुढं बसला होता. एका सदस्यानं विचारलं, रशिया इतका आवडतो तर तिथंच का राहिला नाहीस? तो म्हणाला, "कारण माझे वडील गुलाम होते आणि हा देश उभारताना माझी माणसं मेली. मी इथंच राहणार आहे, आणि तुमच्यासारखाच माझाही यात वाटा असणार आहे. फॅसिस्ट मनाचे कुणीही मला इथून हाकलू शकणार नाहीत. समजलं?" तुमच्या नाटकात हा उतारा येणारच. एकच विनंती, तो ओरडून म्हणू नका. 'वडील' या शब्दावर थांबा. सगळं वजन तिथं आहे.

आता जे टाळता येणार नाही ते. स्तालिनच्या रशियाबद्दल रोबसन जाहीरपणे कधी वाईट बोलला नाही. १९५२चा स्तालिन शांतता पुरस्कारही त्यानं स्वीकारला. त्याला काहीच माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. जून १९४९मध्ये तो मॉस्कोत होता. त्याचा मित्र, यिडिश नट सोलोमन मिखोएल्स याचा आदल्या वर्षी सरकारनंच खून करवला होता. दुसरा मित्र, कवी इत्सिक फेफर तुरुंगात होता. रोबसननं भेटीचा आग्रह धरला तेव्हा फेफरला हॉटेलच्या खोलीत आणलं. खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रं होती. म्हणून दोघं तोंडानं इकडचं-तिकडचं बोलत राहिले आणि खरं काय ते फेफरनं खुणांनी आणि चिठ्ठ्यांनी सांगितलं, असं रोबसनच्या मुलानं लिहिलं आहे. त्यानंतरच्या मैफलीत रोबसननं दोघा मित्रांची नावं जाहीर घेतली आणि वॉर्साच्या ज्यू वस्तीतल्या नाझींविरुद्धच्या बंडाची आठवण सांगून यिडिशमधलं प्रतिकारगीत म्हटलं. मॉस्कोत त्या दिवसांत हे करायला छाती लागत होती. पण अमेरिकेत परतल्यावर बातमीदारांना त्यानं सांगितलं, की ज्यूंचा छळ मला कुठं दिसला नाही. फेफरला १९५२मध्ये गोळी घातली.

मी या माणसावर प्रेम करतो आणि मला हे माफ करता येत नाही. घरच्या शत्रूंच्या हाती कोलीत द्यायचं नाही, या विचारानं तो गप्प राहिला असावा, असं मला वाटतं. जिथं त्याला पहिल्यांदा माणूस म्हणून वागवलं गेलं, त्या देशाविरुद्ध बोलणं त्याला जड गेलं असेल. तरी जो माणूस गाण्यातला एक शब्द चुकीचा आहे म्हणून आयुष्यभर झगडला, त्यानं ते एक वाक्य बोलायला हवं होतं. तुमच्या सादरीकरणात हा प्रसंग गाळू नका. तो गाळला तर उरतो तो पुतळा.

आपल्याशी त्याचं नातं होतं, तेही सांगतो. १९३८ला लंडनमध्ये नेहरूंच्या स्वागताच्या सभेत तो बोलला आणि दोन्ही घरांची मैत्री झाली. १९४९ला नेहरू अमेरिकेत आले, तेव्हा भारतात कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, म्हणून रोबसननं त्यांना भेटायचं टाळलं. नेहरूंनी ते मनात ठेवलं नाही. १९५८मध्ये त्याची साठी भारतात साजरी करायला समिती बनली, तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला. अमेरिकी मुत्सद्द्यांनी हे थांबवायचा प्रयत्न केला. समारंभ झाला, नेहरूंनी गौरवाचा संदेश दिला, आणि छागला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकताना रोबसनच्या सहवासात आले. त्यांचं ब्रह्मपुत्रेवरचं गाणं, जे आपण हिंदीत गंगेला विचारलेला जाब म्हणून ऐकतो, ते याच मिसिसिपीच्या गाण्यातून स्फुरलेलं आहे.

जून १९५८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राजकीय मतांवरून पासपोर्ट नाकारता येत नाही असा निकाल दिला आणि त्याचा पासपोर्ट परत आला. पण आठ वर्षं गेली होती, साठी उलटली होती. १९५९ला शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, शेवटचा ऑथेल्लो केला. १९६१मध्ये मॉस्कोत त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला. मग लंडनच्या रुग्णालयात विजेचे चोपन्न झटके, पूर्व बर्लिनमध्ये उपचार, आणि १९६३च्या अखेरीला घरी परत. एस्लांडा १९६५ला गेली. तो फिलाडेल्फियात बहिणीकडं शांतपणे राहिला आणि २३ जानेवारी १९७६ला गेला.

तालमीसाठी आता एवढं करा. १९३६च्या चित्रपटातलं गाणं आधी ऐका, हातात पेन्सिल घेऊन, तो श्वास कुठं घेतो त्या जागांवर खुणा करत. मग नोव्हेंबर १९६०चं चित्रण शोधा. सिडनीचं ऑपेरा हाउस अजून बांधून व्हायचं होतं, तिथल्या कामगारांसमोर रोबसन गायला होता. वर परांचींवर चढून बसलेले मजूर, खाली जाड कोट घातलेला बासष्ट वर्षांचा रोबसन. स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून कानामागे तळवा धरायची त्याची सवय होती, अगदी आपले शाहीर पोवाड्याला धरतात तशी. तुमच्या नटाला ती लकब शिकवा, पण शोभेसाठी नको, त्याला खरंच स्वतःचा सूर ऐकू येऊ दे. दोन्ही मुद्रणांत शेवटच्या चढावरचा श्वास कुठं पडतो ते ताडून पाहा, आणि काय आढळलं ते मला कळवा. पट्टी ठरवायला अडचण आली तर नटाचा आवाज मुद्रित करून पाठवा, मी ऐकून सांगेन.